लाल डबा

डबा लाल, आतलं तेलही लाल,
आणि विकणारा रिनात म्हणाला, सगळ्याला चालतं.
बिश्केकच्या बाजारात, कंटेनरांच्या त्या गल्लीत,
सगळ्याला चालणारंच जास्त खपतं.
मी अर्धा लिटर ओतलं. महिना झाला.

हे तोक्तोसूनला सांगायचं नव्हतं.

त्याने पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली,
नाकाशी नेली डोळे मिटून,
दूध नासलंय का बघावं तशी.
मग एक थेंब कागदी रुमालावर.
थेंब पसरत गेला. आम्ही दोघं बघत राहिलो.
मध्ये चहा, कडेला गुलाबी.
"कुणी घातलं हे?"

बाहेर उणे अठरा. माझे हात खिशात.
म्हटलं, आधीच्या मालकानं असेल.
"आधीचा मालक जपानी.
दाराच्या कडेला बघ, चिठ्ठी चिकटवून गेलाय:
तारीख, किलोमीटर.
असला माणूस लाल ओतत नाही."

मी गप्प. त्यानेही पुढे विचारलं नाही.

त्याला जपानी येत नाही.
वहीत त्याने अक्षरं चित्रांसारखी उतरवलीत,
एक छपराचं घर, एक तिवई, एक पळता माणूस,
आणि बाटलीवरचं चित्र वहीतल्या चित्राशी
बोट ठेवून जुळवतो. दोनदा.
"तुझ्या खोक्यात दातेरी चाकांची उतरंड नाही, निर्गुल.
दोन शंकू, मध्ये पोलादी पट्टा.
तेलानं त्याला घसरू द्यायचं,
आणि घसरू द्यायचं नाही."
"दोन्ही?"
"दोन्ही. एकाच वेळी."

रिनातच्या दुकानात सब घोडे बारा टके.
माझा बाप घोडी घ्यायचा तर
ओठ वर करून दात बघायचा, चारी खूर उचलायचा,
वर अर्धा दिवस नुसता जवळ बसायचा.
त्याची मुलगी मी. डब्याचा रंग बघून आले.

खालचा बोल्ट सुटला, तेल परातीत उतरलं.
लोहचुंबकावर राखाडी लव,
उंदराच्या पिलाच्या पाठीसारखी.
तोक्तोसूनने ती अंगठ्यानं चोळली, हुंकारला.
बरा हुंकार की वाईट, कळलं नाही.
नवं तेल तीन दिवसांच्या कमाईचं.
"सगळं जुनं निघत नाही," तो म्हणाला,
"थोडं आत राहतंच. हजार किलोमीटरनी पुन्हा ये."
पैसे मोजताना मी म्हटलं,
मीच घातलं होतं.
"माहीत आहे," म्हणाला, आणि सुटे शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी तालासची चार माणसं भरली.
तोओ-आशूचा चढ. मागे एक म्हातारी
मांडीवर केक घेऊन, नातवाच्या वाढदिवसाचा.
तिसऱ्या वळणावर गाडी महिनाभर थरथरायची.
मी रेडिओ बंद केला.
वळण आलं. सरलं.
कुणालाच काही कळलं नाही.
चौथ्यावर किंचित, अगदी किंचित,
की ती माझीच मांडी होती?

डबा अजून आहे, साडेतीन लिटर भरलेला.
वाऱ्यानं आपटू नये म्हणून
गोठ्याच्या दाराला लावते.
तिथे चालतं.