लाभ, दोन, तीन

साडेपाचला सातबारे छापणं थांबवते,
प्रिंटरवर फडकं टाकते.
ग्रामपंचायतीच्या त्या खोलीबाहेर
आधी चपला वाजतात, मग मुलं येतात.
सातवीची पाच, आठवीची दोन,
आणि प्रणयचा लहान भाऊ,
ज्याला फक्त माऊस हवा असतो.

मला फार येतं असं नाही.
यांच्यापेक्षा एक धडा पुढे आहे,
तोही आदल्या रात्री वाचलेला, डास मारत.

शाळेत हे झालं होतं म्हणे.
'संगणकाचे भाग किती? नावे लिहा.'
भाग सगळ्यांना पाठ होते.
संगणक कपाटात होता,
त्याच्यावर दसऱ्याचा हार, वाळलेला.

इथे दोन चालतात. त्यातल्या जुन्याचं
आरचं बटण दाबलं की दबूनच राहतं,
म्हणून प्रिंट लिहिताना सगळे श्वास धरतात.

पहिल्याच आठवड्यात मंथन तायडेचं लूप सुटलं.
पडद्यावर त्याचं नाव, त्याचं नाव, त्याचं नाव.
"मॅडम, हे थांबूनच नाई राह्यलं!"
मी हात पुढे केला, आणि मागे घेतला.
तेव्हापासून हात मांडीखाली दाबून बसते.
बोटांना मुंग्या येतात.
शिकवण्यातलं तेवढंच एक मला जमलंय.
विचारलं, "त्याला थांब कोणी म्हटलं?"
तो पाहत राहिला. पंखा कुरकुरत राहिला.
बऱ्याच वेळाने, स्वतःशीच,
"कोणीच नाई."

"पहिला असून शून्य काऊन?" प्रणयने विचारलं
यादी मोजायला बसलो तेव्हा.
मी पुस्तकातलं वाक्य म्हटलं.
कोणाला पटलं नाही. मलाही.
मागून रेणुका म्हणाली,
"माहे आबाजी ज्वारी मोजतेत तं एक म्हणतच नाईत.
लाभ म्हणतेत. लाभ, दोन, तीन."
खोलीतला गुंता सुटला.
लाभ म्हणजे शून्य नव्हे, ठाऊक आहे मला,
पण कुठून सुरू करायचं हे मोजणारा ठरवतो,
एवढं त्या दिवशी सगळ्यांच्या वहीत आलं.

अल्फिया बोलत नाही.
खारपाणपट्ट्यातलं गाव आमचं,
विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही,
गोडं पाणी नळाला आठव्या दिवशी.
तिने त्याचाच प्रोग्राम मांडला:
मागच्या नळापासूनचे दिवस घे,
आठने भाग,
बाकी शून्य उरली तर लिही, 'आज नळ'.
चार ओळी, तीन संध्याकाळी.
त्यातल्या दोन गेल्या
ओळीच्या शेवटच्या त्या दोन टिंबांत,
दुःखातला विसर्ग विसरतात तशी विसरलेली.
मला पहिल्या मिनिटाला दिसली होती.
मांडीखालचे हात मांडीखालीच.

बुधवारी पडद्यावर 'आज नळ' उमटलं.
नळ आला नाही.
"प्रोग्राम बरोबर हाय मॅडम," ती पहिल्यांदा बोलली,
"नळ चुकला.
नळाले एरर नाई येत का?"

दुसऱ्या दिवशी वही घेऊन ती
व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या गुलाबकाकांच्या दारात.
मोटर जळाली की दोन दिवस वाढतात.
वरच्या गावात लग्न असलं की एक.
लाइन रात्रीची असली तर, बेटा,
मलेच ठाऊक नसते.
चार ओळींच्या तेवीस झाल्या.
शेवटच्या 'जर'पुढे तिने
जागा रिकामी सोडली आहे, अजून.

परवा तिच्या उत्तरात गुरुवार होता.
रात्री दोनला गल्लीभर भांडी वाजली.
मी अंधारात गुंड शोधत बाहेर आले.
समोरच्या ओट्याशी ती, पाइप धरून.
"दोन वाजले मॅडम. आता गुरुवार का शुक्रवार?"
मी म्हटलं, तू काय धरतेस?
गुंडात पाण्याचा आवाज चढत होता.
"झोपली नसन तं गुरुवारच."
मग जरा थांबून,
"पण कंप्युटरले झोपच नाई ना,"
आणि पाइप उचलून
दुसऱ्या गुंडात सोडला.