सातवं बटण

टेपोर्टहून निघालेली बस पुलावर चढते
तेव्हा फोन कानाशी असतो, सुताराच्या पेन्सिलीसारखा.
डंडी आली हे आधी वारा सांगतो, मग ती बाई:
आठ वाजून पाच, चार अंश, बॅटरी एकसष्ट.

काउन्सिल टॅक्सच्या थकबाकीचा तक्ता.
बी चौदा, रिकामा. बी पंधरा, रिकामा.
बी सोळा, मिसेस गिलक्रिस्ट, दोनशे बारा पौंड.
रिकामंसुद्धा ती नीट उच्चारते,
माझं नाव मात्र डिन्यानाडा.
ज्ञ तिच्या घशात अजून अडकतो.

काल रात्री अ‍ॅप नवं झालं.
कुणीतरी बटणांची नावं काढून घेतली.
आता नुसतं बटण. बटण. बटण.
हजेरीला प्रत्येकाने
‘मुलगा’ एवढंच म्हणून खाली बसावं, तसं.

‘वरचं ते निळं दाब,’ फर्गस म्हणतो.
भला माणूस, माझ्या चहात साखर विसरत नाही.
निळं कितवं रे?
गप्प झाला. मग मोजलं त्याने, मोठ्याने.
सात.

सातव्याला मी नाव दिलं: ठेव.
रोमन अक्षरांत लिहावं लागलं,
त्याचं ती ‘थीव्ह’ करते.
म्हणजे चोर.

असू दे. डिन्यानाडा म्हटल्यावर
मी वळतेच की.

मिसेस गिलक्रिस्टनी आज वीस पौंड भरले.
दोनशे बाराचे एकशे ब्याण्णव करते,
उजवीकडे सात वेळा सरकते,
चोरावर दोनदा टकटक.

राहिलं.
मंगळवारी पुन्हा अपडेट आहे म्हणे.