अनुसूची पाच

पुंजाराम गांगुर्डे छर्‍याची बंदूक घेऊन निघायचा
त्याच्या दोन दिवस आधी कागद निघायचे.
एक पोलीस पाटलाकडे, एक ग्रामसेवकाकडे,
तिसरा त्याच्या खिशात, घड्यांवर घामानं पिवळा.
गायरानात जायचं तर ग्रामसभेचा ठराव,
मळ्यात जायचं तर मालकाचा तोंडी होकार,
मालकीण घरी असेल तर तिचाही.
‘हे कायद्यात आहे?’
‘नाही. पण छाटणीला वाकलेल्या बाया तिनं आणलेल्या असतात.’

मी आठवीत होतो. पिशवी धरायचं काम माझं.
खताची पांढरी पिशवी, उलटी केलेली,
कंपनीचं नाव आत.

तेव्हा कावळा अनुसूची पाचमध्ये होता,
उंदीर आणि वटवाघळांच्या पंगतीत.
चांदोरीच्या मळ्यांत तो ठिबकच्या नळ्या टोचायचा.
तहानेनं टोचतो, पुंजाराम म्हणायचा, खोडीनं नाही,
त्याच्यासाठी बांधावर पाण्याचं घमेलं ठेवा आधी.
लोक ठेवायचे. काही नळ्या वाचायच्या.
पण पेरलेला भुईमूग ओळीच्या ओळी उकरून नेला
की मग त्याला बोलावणं यायचं.

तारेवरचा कावळा नाही.
मागे माती दिसत नसेल तर नाही.
शाळेच्या बाजूला तोंड करून नाही,
जेष्ठात, आषाढात तर मुळीच नाही –
‘घरट्यात कोकिळेचंही पोर असतं,
त्याचा हिशेब कोण देणार?’
पितृपक्षात बंदूक खुंटीला, पंधरा दिवस.
‘त्या दिवसांत लोक त्याला हाका मारून बोलावतात.
बोलावलेल्या पाहुण्यावर नेम धरू नये.’

खाली नदीच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वर.
अभयारण्याची पाटी यायच्या दोन शेतं अलीकडेच
तो बंदूक गोणपाटात गुंडाळून
माझ्या हातात द्यायचा.
कावळे पाटीपलीकडच्या बाभळीवर जाऊन बसायचे,
आमच्याकडे बघत.
‘त्याला वाचता येत नाही,’ पुंजाराम म्हणायचा,
‘मला येतं.’

एक पडला की सगळे यायचे.
कुठून येतात कळायचं नाही,
आभाळ काळं, कान फुटतील असा कालवा.
मी पिशवी घेऊन पुढं सरकलो तर मनगट धरायचा.
‘थांब. त्यांचं होऊ दे.’
आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसायचो,
तो तंबाखू मळायचा, तोंडात टाकायचा नाही.
पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास.
मग एकेक करून उडून जायचे,
शेवटचा जरा उशिरा.
मग खड्डा, मूठभर मीठ, माती,
आणि छर्‍याचा डबा मोजून परत खिशात.

चेहरा लक्षात ठेवतात ते.
एक तर एस.टी. स्टँडपर्यंत यायचा त्याच्या मागे,
पत्र्यावरून ओरडत, सगळ्या गावाला सांगत.
पुंजारामनं पांढरी टोपी सोडली, निळा टॉवेल बांधला.
दोन दिवस बरे गेले.
तिसर्‍या दिवशी कावळ्यानं टॉवेलही ओळखला.
कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही म्हणतात;
पुंजाराम हसायचा, पण मान खाली घालून चालायचा.

मग निफाडला कुणीतरी सांगितलं,
ती अनुसूचीच काढून टाकली.
तो वनखात्याच्या कचेरीत गेला,
तिसरा कागद टेबलावर उलगडला.
कारकून म्हणाला, बाबा, आता पाचवी नाही.
‘मग कावळा कुठल्या पानावर?’
कारकुनानं चष्मा पुसला,
पानं उलटली, साहेबांना विचारायला आत गेला,
चहा येऊन गार झाला.
पुंजाराम कागद तिथंच ठेवून उठला.
बंदुकीला तेल दिलं आणि पेटीत घातली,
पोलीस पाटलाला सांगून आला: घातली.

आता तो रिकामी गोफण घेऊन बांधावर बसतो.
दगड नाही, नुसता कडाका.
कावळे दोन हात उडतात, परत उतरतात,
आवाजाला किंमत किती ते त्यांना कळलंय.

परवा मी गावी गेलो तर घमेल्यात पाणी ओतत होता.
काठावर एक म्हातारा कावळा, मानेचे पीस गेलेला.
‘ओळखतो का तुम्हाला?’
‘ओळखतो तर,’ पुंजाराम म्हणाला,
‘शिव्या थांबल्या नाहीत अजून.’
कावळ्यानं चोच बुडवली,
वर बघितलं,
आणि पहिली सुरू केली.