शेऱ्याचा रकाना

भांडुपच्या मिठागरात माझ्याकडे एक वही असते.
घरटं क्रमांक, तारीख, अंडी किती,
पाण्यापासून अंतर, वाटेपासून अंतर,
आडोसा: आहे / नाही.
निकाल: यशस्वी / अयशस्वी.
आणि शेवटी शेरा,
जो बहुतेक वेळा कोराच.

टिटवीचं घरटं म्हणजे घरटं नसतंच.
खडे जरा बाजूला सारलेले,
चार अंडी, निमुळती टोकं आत,
एका ताटात चौघं जेवायला बसावीत तशी.
ठिपके असे, की मातीनंच घातली असावीत.
दोनदा माझा पाय पडता पडता राहिला.

एप्रिलच्या दुपारी बांध तव्यासारखा तापला की
ती उठते, कोंडीत पोटाची पिसं भिजवते
आणि ठिबकत येऊन पुन्हा बसते.
हे मी शेऱ्यात लिहिलं.
नर्गिस मॅडमनी भोवती वर्तुळ काढलं: किती वेळा?
मग मोजलं.
अकरा ते चार, बावीस वेळा.

फेब्रुवारीत वर्सोव्याला कासवीण आली
तेव्हाही आम्ही टेप घेऊन गेलो होतो.
भरतीच्या रेषेपासून नऊ मीटर,
शेजारी कुणाच्या तरी मखराचा थर्माकोल,
एकशे सात अंडी.
वाळू फार तापली तर सगळ्या माद्याच निपजतात,
मॅडम म्हणाल्या.
तिला हे ठाऊक असेल?
तिला वाळू ठाऊक असते, म्हणाल्या,
आणि टेप गुंडाळली.

जागा कशी निवडावी याचे मॅडमकडे आलेख आहेत.
माझ्याकडे अकरा महिन्यांचा करार,
मग दलाल, मग पुन्हा तेच,
एकट्याच राहणार का, येणारंजाणारं कोण.
सध्या कांजूरला, तिसरा मजला,
खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत.
आडोसा: आहे.

मे संपता संपता बांधावरची नऊ घरटी गेली.
एक उधाणात, एक कावळ्यांनी,
सात कुत्र्यांनी.
सगळी चांगल्या जागची,
उंच, कोरडी, रस्त्यापासून लांब.
आलेख बसेना.
मॅडमनी मला अंतरं पुन्हा मोजायला लावली.
तीच आली.

हाशा केणी मीठ ओढत होता.
साठ वर्षं याच खाजणात, टाचा पांढऱ्याफटक.
हातातलं फावडं न सोडता
त्यानं हनुवटीनं बांध दाखवला.
गवतात एक वाट पडली होती,
बारीक, नेमकी,
दोनवरून पाचला, पाचावरून आठाला,
शेकाट्याच्या घरट्याला घातलेल्या वळशासकट
माझी.
"बाय, कुत्र्याला काय ठावं अंडी कुठं?
तो तुझे पायांवरशी जातं."

मी दर तिसऱ्या दिवशी जायचे.
जीव राहीना तेव्हा दर दुसऱ्या.

घरी येऊन चपला धुतल्या.
कशासाठी, कोण जाणे.
चिखल तर केव्हाच वाळून गळून गेला होता.

नंतर आठवडाभर मी बांध सोडून
पाइपलाइनच्या बाजूनं चालले.
तिथे राडारोडा टाकतात,
फुटक्या टाइल्स, कमोडचे तुकडे,
आलेखात अगदी तळाला असलेली जागा.
एकाएकी डोक्यावर टिटवीचा आकांत,
आणि टाइल्सच्या आडून तीन पिल्लं निघाली,
काडीच्या पायांवर कापूस ठेवावा तशी,
एक थांबलं,
माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं,
आणि तिवरांकडे पळालं.
चौथं नव्हतं. की होतं?
मी वाकून शोधलं नाही.
जागच्या जागी वळले.

वहीत लिहिलं.
क्रमांक: नाही.
अंतर: मोजलेलं नाही.
निकाल: तीन, कदाचित चार.
शेरा: मी इथे कधी आले नव्हते.

नर्गिस मॅडमनी त्याच्याभोवतीही वर्तुळ काढलं.
प्रश्न मात्र लिहिला नाही.