गोडं पाणी

कुडज्याच्या अलीकडे, धरणाच्या फुगवट्यावर
पत्र्याच्या शेडखाली 'टिटवी' उभी आहे.
एकवीस फूट. डोलकाठी उतरवलेली.
पोटात दोन बाकं, एक ओटा, नकाशा पसरायचं टेबल.
खडकवासल्यात नकाशा कशाला, मुकुल विचारायचा.
हरवायला, मी म्हणायचे.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना बिबवेवाडीत.
रविवारी जुना प्रोब खिशात घालून इथं येते
आणि बाकांखालच्या फळ्या टोचत जाते.
चांगलं सागवान टोक परत फेकतं.
कुजलेलं आत घेतं, मुकाट, केकसारखं.
दाढ निदान ठणकते तरी.

दाऊद होडेकर दाभोळचे, होड्या बांधण्यात हयात गेलेली,
मुलीकडे कोंढव्याला आले होते, त्यांना गाडीत घालून आणलं.
फळीवर नख फिरवून म्हणाले,
"खारं पाणी लाकूड मुरवतं, बाय. गोडं कुजवतं.
तळ्याचं नाय हे. वरून येतंय, पावसाचं.
डेकचा एखादा स्क्रू सैल असंल."
मला आमच्या घरातली जेवणं आठवली.
किती गोड बोलायचो सगळे.

ते सांगत गेले, मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहीत गेले.
कप्प्यांची दारं उघडी, गाद्या उभ्या.
घासायचं ते रेषेच्या दिशेनं, तोंडाला मास्क
(तो माझ्याकडे खोक्यांनी आहे).
व्हार्निशचा पहिला हात निम्मं टर्पेंटाईन घालून,
लाकडानं तो प्यायला पाहिजे, नुसता पांघरायला नको.
आत काम चालू असेतो दोन्ही झडपा उघड्या
आणि विडी नाही.
हे म्हणताना त्यांनी स्वतःची विडी कानामागे सरकवली.

चिंध्यांचंही काहीतरी म्हणाले होते.
ते मी लिहिलं नाही.

मागच्या रविवारी ओट्याला जवसाचं तेल चोळलं,
चिंध्यांचा बोळा केला, कॅरीबॅगेत कोंबला,
गाठ मारून डिकीत टाकला.
नांदेड फाट्याच्या सिग्नलला वास आला.
पिशवी हाताला लागली तर
तापानं फणफणलेल्या पोरासारखी.
कुणी काडी लावली नव्हती.
प्यायच्या बाटलीतलं सगळं पाणी ओतलं,
धूर निघाला, आणि मागून रिक्षावाला:
"मॅडम, सुटला की सिग्नल!"

रात्री होडेकरांना फोन केला.
"तेल वाळताना तापतं," ते म्हणाले,
"पसरलंस तर ऊब वाऱ्यावर जाते.
गुंडाळलंस तर कुठं जाईल ती?"

मुकुल माझा भाऊ. होडी दोघांची.
विकायची की ठेवायची, इथून सुरू झालं
आणि आईच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं
तिथवर गेलं.
मी तेव्हा एक शब्द बोलले नाही.
नीट बोळा केला. गाठ मारली.
तीन वर्षं.

आज शेडच्या खांबापासून बाभळीपर्यंत दोरी बांधली,
चिंध्या सुट्या सुट्या वाळत घातल्या.
खाली बादलीत पाणी भरून ठेवलं.
मग हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.
फोन लावला.

म्हटलं, डेकचा तो स्क्रू तूच सैल ठेवला होतास.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग, "कुठला? डावीकडचा?"

डावीकडचा नव्हता.
पण झडप उघडी होती, वारा होता,
मी पुढचं बोलले.