कफील

गुरुवारी ड्रायडॉकची बस
मला मुहर्रकच्या वळणावर सोडते.
हात रॉकेलने धुतलेले, तरी ग्रीसचा वास राहतोच.
संस्थेच्या फाटकात वही असते:
आपलं नाव, वेळ, मुलाचं नाव. घानिम.
'नातं' हा रकाना मी कोराच सोडायचो.
आता पहारेकरी बिलालच भरून टाकतो: पंखा.

कारण पहिल्या दिवशी मी पंखा नेला होता,
टेबलावरचा, बंद पडलेला.
चौदा वर्षांच्या पोराशी बोलायचं काय,
मला कुठे येतं?
माझा चौदाचा झाला ते साल
मी घरी तीस दिवस होतो,
त्यातले चार प्रवासात.

घानिमला दोन घरांनी नेलं,
दोन्ही घरांनी आणून सोडलं.
हे बाईंनी सांगितलं. तो नुसता पाना मागतो.
दहा नंबर. नाही, आठ.
हिंदी चांगली बोलतो;
लहानपणी भरवणारी हैदराबादची होती म्हणे.

कपॅसिटर बदलला, पाती बसवली,
पंखा फिरला
आणि फरशीवर एक स्क्रू उरला.
पुन्हा खोलू या का?
"फिरतोय ना," तो म्हणाला,
आणि स्क्रू खिशात टाकला.

गुहागरहून फोन येतो:
लोकांच्या पोरांना पाना धरायला शिकवताय,
आपला इथे सायकलची चेनसुद्धा
शेजाऱ्याकडून बसवून घेतो.
ती खोटं बोलत नाही.
मी म्हणतो, रेंज जातेय.

एकदा विमान इतकं खालून गेलं
की हातातलं काम थांबवून
दोघं ते जाईपर्यंत गप्प बसलो.
मग त्याने विचारलं, तुझा कफील कोण?
मी कंपनीचं नाव सांगितलं.
तो हसला, पहिल्यांदाच, दात दिसतील असा.
माझ्या कागदावरही हाच शब्द असतो, म्हणाला,
जो घरी नेतो त्याच्यासाठी.
नको झालं की एक सही.
तुला कितीदा परत पाठवलं?

अजून नाही, म्हटलं.
मार्चमध्ये व्हिसा संपतो, तेव्हा कळेल.

त्याने बोटांवर महिने मोजले.
मग वॉशिंग मशीन शिकव, म्हणाला,
मागच्या अंगणात पडलंय.

तर आज आम्ही ते धूड उचललंय.
मी पुढे तोंड करून, तो उलट्या पावलांनी.
मागे तीन पायऱ्या आहेत, मी म्हणतो.
एक.
तो मागे वळून बघत नाही.
सावकाश. दोन.