एच म्हणजे हळू

क्वार्टर गेटच्या मागं, तिसरा मजला,
रात्रीचे पावणेबारा.
रूबेनचा लॅपटॉप, माझा जुना चष्मा
आणि शांतवन सरांची वही,
कव्हरवर मेणबत्तीचा डाग, आत पेन्सिलीचे कॉर्ड.

गायनमंडळाचं वय झालं.
E मधली वरची उडी कुणाच्या गळ्याला झेपेना,
म्हणून सगळं दोन पट्ट्या खाली आणायचं ठरलं.
काम सोपं. सगळं निवडा, ट्रान्सपोज, खाली, ओके.
E चा D झाला. A चा G झाला.
H7 मात्र H7 च राहिला,
घरचे सगळे लग्नाला निघालेत
आणि थोरले काका खुर्चीतून उठेनात, तसा.

मी खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्रॉइंग काढली.
चूक आधी आपली धरायची, हे हाडात मुरलंय.
पुसला. पुन्हा टाइप केला.
मोठा एच, छोटा एच, जागा सोडून, जागा न सोडता.
प्लेबॅक लावला, तर बाकीचे कॉर्ड वाजले
आणि नेमक्या त्या मात्रेला संगणक गप्प.
रूबेन म्हणाला, मावशी, H नावाचा कॉर्डच नसतो.
A पासून G पर्यंत. संपलं.
एकोणीस वर्षांचा आहे. कुठलीही गोष्ट कुठं संपते
ते त्याला ठाऊक असतं.

म्हटलं, अरे, कॉर्ड नाहीच तो.
H म्हणजे हळू.
मला मार्थाबाईंनी सांगितलं होतं, पहिल्याच रविवारी,
पंख्यानं उडणारं पान कोपरानं दाबून धरत.
चाळीस वर्षं त्या अक्षरापाशी आलो
की आम्ही सगळे रेंगाळतो,
‘कृपा’ मधला ‘पा’ हातात धरून ठेवतो,
मग खाली उतरतो.
बाहेरगावचे पाहुणे मुद्दाम येऊन सांगतात,
ते तिथं थांबणं तुमचं फार छान आहे हो.

साडेबारा. स्टाइल. कॉर्ड चिन्हं. नावांची पद्धत.
एक छोटी खिडकी उघडली,
स्टँडर्ड, जर्मन, सोल्फेज, फ्रेंच.
मी उगाच जर्मन केलं
आणि पुन्हा खाली उतरवलं.
H7 हलला.
A7 झाला, मुकाट्यानं, जणू कुणी
त्याच्या भाषेत त्याला हाक मारायची खोटी होती.

तेव्हा आठवलं.
नगरच्या बोर्डिंगात सरांना ऑर्गन शिकवणारी मडम जर्मन होती.
सूर चुकला तर छडी बोटांवर नाही,
पेटीच्या झाकणावर मारायची.
तिच्या गावी B ला H म्हणत असणार.
एवढंच.
सर सूर लिहीत होते,
आम्ही वेग वाचत होतो.

पण सर तर समोरच असायचे, पायानं भाता मारत.
एकदाही बोलले नाहीत.
त्या ‘पा’ वर त्यांचाही पाय थांबायचा,
हे मी पाहिलंय.
आमच्यासाठी, की आमच्यामुळे,
आता विचारायचं कुणाला?

शुक्रवारी नवी पानं वाटली. बावीस.
सगळे सरळ गात गेले, वेळेवर, बिनचूक.
मार्थाबाई एकट्या मागं राहिल्या
त्या ‘पा’ वर,
आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहिल्या,
आपण जिन्यात असताना दिवे गेले की बघतो तशा.

घरी येऊन कॉर्डच्या जागी ‘हळू’ टाइप केलं.
त्या फॉन्टला देवनागरी येत नाही.
तीन रिकामे चौकोन उमटले.
रूबेन म्हणाला, कॉर्ड म्हणून नको,
साधा मजकूर म्हणून टाक, पुन्हा प्रिंट काढू.
दोन रुपये पान, बावीस पानं. मी हिशोब केला
आणि पेन्सिलीला टोक काढलं.

प्रत्येक A7 च्या डोक्यावर, बारीक, एक H.
रूबेननं गिटार मांडीवर घेतली,
पान उजेडात धरलं.
मावशी, हा वाजवायचा कसा?
वाजवायचा नाही, म्हटलं.
तू A7 च धर.
आणि मार्थाबाईंकडे बघ.